पाचवा चौकोन

वडील गेल्यावर इनग्रिडने डुलुथच्या घरातली त्यांची तळघरातली खोली मुलांसाठी रंगवायला घेतली. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तिने उजळ रंगांचे चार चौकोन भिंतीवर लावून पाहिले.

दुपारी ते वाळले का बघायला ती उतरली, तर चौकोन पाच होते. पाचवा करडट गुलाबी होता, कवळी काढल्यावरच्या हिरड्यांसारखा.

"वेंडेल, हा घाणेरडा रंग तू लावलास?"

"ब्रशला हात लावायची माझी काय बिशाद!" नवरा जिन्यावरून हसला. "पुसून टाक की."

तिने फडक्याने घासलं. भिंत कोमट होती, दाबली की आत जात होती. बारीक पांढरे खुंट बोटांना टोचले. आजारपणात ती रोज वडिलांची दाढी करायची, श्वास रोखून, घाईघाईने; कधी कधी पातं लागून रक्त यायचं. आता फडक्याला तोच आंबूस वास येत होता. रंग झाला की मुलं इथेच झोपणार होती.

तिने रंग खरवडायची पट्टी उचलली.

आठ वर्षांची टिल्डा केव्हाच येऊन त्या चौकोनाला कान लावून उभी होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "आज तरी कापू नकोस, आजोबा म्हणतायत."