पुसलेले पत्ते

उज्वलाने फुलीवर पुन्हा क्लिक केलं, पण खिडकी काही मिटेना. तिच्या खुर्चीला टेकून मागे आबा उभे होते. त्यांना झेंडूचे भाव बघायचे होते. पडद्यावर मात्र भावांऐवजी एक यादी उघडली होती. 'या कॉम्प्युटरवर अलीकडे पाहिलेली पानं.'

वरच्या चारही ओळींत पुण्याचं शेतकी कॉलेज.

रोज कॉम्प्युटरवरून उठताना ती ब्राउझरमधली नोंद न चुकता पुसायची. मग हे आगाऊपण कोणाचं? आणि तिला आठवलं. बाजारभावाचा हा प्रोग्राम परवा सीडीवरून तिनेच बसवला होता. तो एकेक प्रश्न विचारत होता आणि ही न वाचता 'यस', 'यस' दाबत होती. सत्यनारायणाला गुरुजी 'मम म्हणा' म्हणाले की आबा कसे अर्थ न विचारता 'मम' म्हणत सुटतात, अगदी तसंच. ब्राउझरमधले पत्ते मला देणार का, हाही त्यातलाच एक प्रश्न असणार. बाईसाहेबांनी खुशाल परवानगी देऊन टाकली होती!

कॉलेजच्या प्रवेशफॉर्मची शेवटची तारीख उद्या होती. आणि महिन्यापूर्वी आबांनी चिमणाआत्यासमोर ठणकावून सांगितलं होतं, "पोरगी पुण्याला जाणार नाय." सगळ्या मखमलाबादेत गोरक्षआबांचा शब्द कधी फिरलेला कुणी पाहिला नव्हता.

आता लपवून उपयोग नव्हता. ती मागे वळली.

"आबा, ते मीच बघत होते. मला जायचंय."

आबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते यादीच्या तळाशी टक लावून बघत होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. उज्वलानेही खाली पाहिलं. मुलींचं वसतिगृह, पुणे. नाशिक-पुणे एसटीचं वेळापत्रक. पुन्हा वसतिगृह. ही पानं तिने कधी उघडलीच नव्हती. वेळ कालची, दुपारची. काल दुपारी ती आईबरोबर मळ्यात खुरपत होती. घरात होते एकटे आबा, आणि दिवाळीत तिनेच त्यांना एका बोटाने टाइप करायला शिकवलं होतं.

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

आबांनी घसा खाकरला.

"मला तुझ्यासारखं पुसायला नाय येत," ते म्हणाले.