तीन विटांची सॅक

पाठीवर वजन घेऊन चाला, हाडं मजबूत होतील, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं. सॅक घ्यायला अर्थातच नवरा सोबत आला; लग्नापासून तिने एकटीने उंबरठा ओलांडला नव्हता. "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पैसे माझे जातात," म्हणत त्याने सगळ्यांत स्वस्त, लालभडक सॅक पुढे केली. तिने बंद ताणून पाहिले, शिवणीवरून बोट फिरवलं आणि तेवढ्याच किमतीची एक राखाडी सॅक उचलली. "ही टिकेल. शिवाय कुणाच्या नजरेत भरत नाही."

घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या तीन विटा त्याने स्वतःच सॅकमध्ये भरल्या. रोज सकाळी दारात तो सॅक हाताने उचलून बघायचा आणि मगच कुलूप काढायचा. चाळिसाव्या मिनिटाला ती घामाघूम होऊन परत हजर.

"वहिनींना एकटं सोडता हल्ली?" शेजाऱ्याने एकदा विचारलं.

"तीन विटा पाठीवर घेऊन बाई जाईल कुठे?" तो हसत म्हणाला.

आजही त्याने सॅक उचलून पाहिली. वजन बरोबर होतं. त्याने कुलूप काढलं.

तास झाला, दोन तास झाले. शेवटी त्याने तिचं कपाट उघडलं.


खणात कपड्यांच्या जागी, धुऊनपुसून, तीन विटा नीट ओळीने लावून ठेवल्या होत्या.