कल्पेशशेठची खुर्ची

"रेवा, दोन चहा! आणि जरा लवकर."

काचेच्या केबिनमधून कल्पेशचा आवाज आला तशी प्रांजल गालातल्या गालात हसली. ती शेजारच्या वजनकाट्यावर पावत्या करायची आणि दुपारी डबा खायला रेवाकडे यायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुकानांच्या त्या ओळीत या दोघीच काय त्या मुली. बाकी सगळं सळया, पत्रे आणि ट्रेलरची धूळ.

"बघ, कसा ओरडतो! माझ्या मालिकेतला सीईओ सेम असाच आहे."

रेवा उठली. चहा आत नेऊन ठेवला. समोर भिवंडीची पार्टी बसली होती. कल्पेशने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पार्टी समोर असली की तो असाच वागायचा, आणि रेवाने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. बाहेर येता येता तिने भिंतीवरच्या कमळाकरशेठच्या तसबिरीचा तिरका झालेला हार सारखा केला. तेही काम तिचंच.

"सरांचे वडील काय रुबाबदार होते गं," प्रांजल काचेतून बघत म्हणाली.

"हो, रुबाबदार होते," रेवा म्हणाली आणि डबा उघडला.

प्रांजलला कोरियन मालिकांचं वेड लागलं होतं. हिंदीत डब केलेल्या त्या मालिका ती मोबाइलवर दिवसरात्र बघायची. सगळ्यांची गोष्ट एकच. मालक श्रीमंत आणि तुसडा, सेक्रेटरी गरीब आणि धांदरट. आधी तो तिला चारचौघांत टाकून बोलणार, मग ती पायऱ्यांवरून घसरणार आणि नेमका हाच तिला झेलणार. त्यानंतर पाऊस, छत्री, आणि शेवटच्या भागात लग्न. हे बघून बघून बाईला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं होतं. मागे पत्र्याची कड लागून रेवाचा तळहात कापला, तेव्हा कल्पेश पार्टीला तसंच सोडून धावत बाहेर आला. स्वतःचा रुमाल बांधला आणि मोटरसायकलवर बसवून तिला पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या दिवसापासून प्रांजलने या दोघांचं ठरवूनच टाकलं होतं.

"मालिकेतल्याकडे लांबलचक गाडी असते, एवढाच काय तो फरक," ती म्हणायची.

रेवा नुसती हसायची. खोटं कशाला बोला, तिला तो आवडत होता. किती वर्षं, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. प्रेमाचासुद्धा शीण येतो माणसाला. रोज तेच काचेतून बघणं, तेच गप्प बसणं आणि संध्याकाळी शटर ओढून घरी जाणं.

"संध्याकाळी काहीतरी बोलायचंय म्हणाला," भात कालवत ती म्हणाली.

प्रांजलचा घास हातातच राहिला. "प्रपोज करणार! लिहून घे माझ्याकडून."

"एक सांग. तुझ्या मालिकेत नोकरी करणाऱ्याला मालकाला नाही म्हणता येतं का?"

"ती आधी नाहीच म्हणते. मग हो म्हणते."

"ते लाडातलं झालं. खरंच नको असेल तर?"

"मग नोकरी जाईल ना! तिच्या पगारावर घर चालतं. आजारी आई असते, धाकटा भाऊ असतो." प्रांजलने बोटाला लागलेलं लोणचं चाटलं. "पण तिला नको कशाला असेल?"

रेवाने डब्याचं झाकण लावलं. नेमकी हीच गोष्ट तिला इतकी वर्षं खात होती. नाही म्हणायची सोयच नसेल, तर त्या होकाराचं करायचं काय? तिला एकच हवं होतं. भीड नाही, उपकार नाहीत, पगार नाही, नुसतं मनापासून आलेलं एक हो.

"इतकी दमतेस, तर दुसरीकडे कुठेतरी बघ ना," जाता जाता प्रांजल म्हणाली.

"मला कुठे जाता येतंय?"

संध्याकाळी पार्टी गेली, हमाल गेले, काट्यावरचा दिवाही मालवला. रेवाने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि शटर अर्धं खाली ओढलं. काचेत बघून केस नीट केले. मग तिची तिलाच लाज वाटली.

कल्पेश केबिनमधून बाहेर आला आणि तिच्या टेबलापाशी उभा राहिला. दिवसभर पार्ट्यांपुढे घोटून घोटून बोललेली भाषा या वेळेला गळून पडायची आणि उरणची घरची बोली तोंडात यायची.

"आईनं पोरगी बगितलीय. गव्हाणची."

रेवाने टेबलाची कड धरली. "तुला आवडली?"

"बरी हाय. शिकलेली हाय." तो फरशीकडे बघत होता. "पन तिचा बाप मला शेठ समजून बसला होता."

"मग?"

"आज त्याला खरं काय ते सांगून टाकलं. तरी तो तयार हाय. उद्या सकाळी कळवायचंय."

बाहेरून एक ट्रेलर गेला आणि शटर थरथरलं. रेवा ते थांबेपर्यंत थांबली. मनातल्या मनात तिने सगळे देव पाण्यात घालून ठेवले होते.

"आणि तुझ्या मनात काय आहे, कल्पेश? खरं सांग. तुझ्या मनात."

त्याने मान वर केली. मग त्याने दोन्ही हात पुढे बांधले.

"माझ्या मनाचं काय, मॅडम? तुमचे बाबा गेले तवा बाजार बाईशी भाव बोलत नव्हता, म्हनून तुमी मला त्यांच्या खुर्चीत बसवलंत. माझं घर तुमच्या पगारावर चालतं. तुमी मालकीन. तुमी नको बोललात, तर आत्ता फोन करून नाय सांगतो."