अप्पांची गांडुळं

अप्पा गेल्यावर परसातल्या टमाट्यांची बुडं काळी पडू लागली. मातीत कॅल्शियम कमी पडतंय, हे अनुपमाला कळत होतं. अप्पा त्यासाठी परभणी स्टेशनजवळच्या आम्लेटच्या गाड्यावरून अंड्यांची टरफलं आणत आणि गुपचूप वाफ्यात पुरत. घर लिंगायतांचं, आईला अंड्याचं नावही चालत नसे.

"चार दिवसांत भुगा होतो बघ," ते लेकीच्या कानात सांगत. "आपली गांडुळं लय कामाची!"

अप्पांचे टमाटे तिला मरू द्यायचे नव्हते. ओढणीखाली टरफलांची पिशवी लपवून ती मागच्या दाराने आली, तर दारातच आई.

"काय गं ते?"

"शिंपले."

"बापासारखीच खोटं बोलायलीस."

आईने पिशवी ओढून घेतली, टरफलं नळाखाली धुतली आणि पाण्याच्या टाकीमागून एक जुना खलबत्ता काढला.

"अख्खी टरफलं कुठं गांडुळं खातात का? तुझे अप्पा दुपारी झोपले की मी उकरून काढायची, कुटून परत पुरायची." आईने बत्ता तिच्या हातात दिला. "त्यांची गांडुळं आता म्हातारी झाली, माय. तू कूट."