उजेड दोन घरं पुढे

सगळ्या फोटोंत बर्फ राखाडी आला होता.

“कॅमेराही माझ्यासारखाच म्हातारा झालाय,” म्हणत मी तो मृण्मयीपुढे ठेवला. हे गेल्यावर लेक मला कॅनडाला घेऊन आली, बरोबर ह्यांचा कॅमेराही. दोन महिने तो कपाटात होता आणि मी खिडकीशी. आज तिचा काळा कुत्रा, काजळ्या, तोंडात पट्टा धरून माझ्यापुढे बसूनच राहिला, तेव्हा कुठे तिचे बूट चढवून मी त्याला तळ्यापर्यंत नेलं. तो बर्फात लोळला, मी फोटो काढले. आणि ते हे असे.

“कॅमेरा चांगला आहे गं आई. समोर इतकं पांढरं दिसलं की त्याला ते खरं वाटत नाही. मग तो आपणहून अंधार करतो. बर्फात उजेड दोन घरं वाढवायचा. बाबा दर वेळी वाढवायचे.”

मी कॅमेऱ्यावरची उजेड कमी-जास्त करायची चकती बोटाने चाचपून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर तळ्याकाठी मी चकती दोन घरं पुढे फिरवली. काजळ्या वळून थांबला, नाकावर बर्फाचा ठिपका. फोटोत बर्फ पांढराशुभ्र आला. कोपऱ्यात माझी सावलीही आली होती. राहू दिली.

तिथूनच लेकीला फोन लावला. “येताना काजळ्याच्या पायांसाठी बूट आण. उद्या आम्ही तळ्याला पूर्ण वळसा घालणार आहोत.”

“आणते. अजून काही?”

“मलाही आण. तुझे चावतात.”