तुळशीचं पन्हं

ओडिशाच्या नववर्षाला, म्हणजे उन्हाळ्यातल्या पणा संक्रांतीला, कटकच्या कुंतलामावशींनी दरवर्षीसारखं तुळशीवर भोकाचं मडकं टांगलं. त्यात रोज बेलफळाचं गुळमट पन्हं ओतायचं, ते महिनाभर थेंब थेंब तुळशीवर गळायचं.

डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून कावलेले त्यांचे यजमान गोकुळबाबू यंदा एकाएकी भाविक झाले. भर दुपारी तुळशीपाशी डोळे मिटून, तोंड आभाळाकडे करून तासभर पडून राहायचे. मावशींना अगदी भरून यायचं.

एके दिवशी शेजारीण म्हणाली, "मावशी, तुळस का हो वाळली?"

"ऊन काय कमी आहे का बाई!"

त्या दिवशी गूळ संपला, म्हणून मावशींनी मडक्यात नुसतं पाणी भरलं.

घटकाभरात अंगणातली समाधी मोडली.

"अगं ए, बिनगुळाचं काय देतेस? तुळशीला फसवतेस होय!"