परक्या पेशी

"बाईच्या रक्तात पुरुषाच्या पेशी दिसल्या तर गुपचूप पुसून टाक. सेन्सेईंना दाखवायला जाऊ नकोस," सहकारी तोगाशीने नोकरी सोडताना बजावलं होतं. चिहारु कुरोसेने ते हसण्यावारी नेलं.

आता तशाच पेशी भिंतीवरच्या पडद्यावर होत्या आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख हिबिनो सेन्सेई सगळ्यांदेखत तिला झाडत होत्या.

रक्तातली एकेक संरक्षक पेशी सुटी करायची आणि तिच्यात काय चाललंय ते वाचायचं, हे ओसाकातल्या त्या प्रयोगशाळेचं काम. आजाऱ्यांशी ताडून बघायला निरोगी रक्त लागे. ते तिथलीच माणसं देत. कुणाचा नमुना कोणता, हे फक्त सेन्सेईंना ठाऊक. चौथा नमुना बाईचा होता आणि त्यात मूठभर पेशी पुरुषाच्या निघाल्या होत्या.

"भेसळ आहे ही," सेन्सेई म्हणाल्या. "एक डोळा फोनवर असला की हात असेच चालतात." कुणीतरी फिसकन हसलं.

डोळा फोनवर होताच. तिच्या लेकीचा, नागीचा ताप साडेसदतीस अंशांच्या वर गेला की पाळणाघरातून फोन येई, 'घेऊन जा.' सकाळी लेकीचं कपाळ कोमट लागलं होतं. येताना चिहारु चौकातल्या दगडी जिझोपुढे दोनदा वाकली होती. लेकरांचा राखणदार तो, न जगलेल्यांचाही. त्याच्या गळ्यात कुणीतरी नवंकोरं लाल लाळेरं बांधलं होतं.

"माझा हात स्वच्छ आहे, सेन्सेई."

"त्या पेशी नोंदीतून काढ आणि शोधनिबंध पाठव. नाहीतर मार्चमध्ये करार संपला की दुसरी जागा बघ."

"नाही काढणार."

सेन्सेईंना उलट उत्तर कुणी देत नसे. त्यांचं लग्न नाही, मूल नाही. विरंगुळा म्हणाल तर दुपारी लाल लोकरीचं विणकाम. प्रयोगशाळेतली पोरं कुजबुजत, "मांजरीला स्वेटर!"

चिहारुने त्याच रक्ताची गोठवलेली दुसरी नळी काढली. कुणाला हात लावू दिला नाही. पेशी पुन्हा निघाल्या. मग तिने त्यांच्या आनुवंशिक खुणा त्या बाईच्या खुणांशी ताडल्या आणि तडक सेन्सेईंच्या खोलीत शिरली.

"भेसळ नाही. परक्या पुरुषाच्या असत्या तर अशा जुळल्या नसत्या. या जागोजाग बरोबर निम्म्या जुळतात."

सेन्सेईंनी विणकामातून मान वर केली नाही. "भावाच्या असतील."

"भाऊ कुठे कमी जुळतो, कुठे जास्त. हा मुलगा आहे. गरोदरपणी पोराच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, काही वर्षानुवर्षं राहतात. तुम्हीच शिकवलंत."

"त्या बाईला मूल नाही."

"तिने सांगितलं नसेल. माझी नोकरी घ्यायची तर खुशाल घ्या, सेन्सेई. पण या पेशी मी पुसणार नाही. कुणाचं तरी लेकरू आहे ते."

सुया थांबल्या. सेन्सेईंनी विणकाम टेबलावर ठेवलं. वीतभर लाल तुकडा, वरच्या दोन टोकांना गळ्यात बांधायच्या नाड्या. मग त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुढे केला.

"ताजं रक्त काढ, कुरोसे," त्या म्हणाल्या. "तो अजून आहे का, तेवढं बघून सांग मला."